गल्लीतले गॅस रिफिलिंग आणि आपले घर

दाट वस्तीच्या कोणत्याही गावात पाहा, एखाद्या गल्लीत भांड्यांच्या किंवा शेगडी दुरुस्तीच्या दुकानामागे छोट्या टाक्यांची रांग दिसतेच. घरगुती मोठा सिलिंडर उलटा करायचा, पितळी जोड आणि नळी लावायची आणि छोट्या टाकीत गॅस उतरवून घ्यायचा. दोन-तीन किलोचे पैसे सुटे मिळतात. हे काम करणारा बहुधा आपलाच ओळखीचा, कष्टाळू मुलगा असतो. हल्ली मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून काही घरांतून असाही प्रश्न येऊ लागला आहे, की नीट साहित्य आणले तर हे घरच्या घरी सुरक्षितपणे करता येईल का?

आमचे उत्तर सरळ आहे. नाही येणार. पण नुसते ‘नाही’ म्हटल्याने कोणाचे समाधान होत नाही, म्हणून कारणे पाहू.

आपल्या टाकीतला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. दाबाखाली तो द्रवरूपात राहतो. हा द्रव बाहेर आला की त्याचा सुमारे अडीचशे पट गॅस होतो. म्हणजे पेलाभर द्रव सांडला तरी खोलीचा एक कोपरा भरून जाईल. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड. धुरासारखा वर जाऊन खिडकीतून निघून जाणारा नव्हे. तो पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो, उंबऱ्याखालून सरकतो, जिन्यावरून खाली उतरतो, गटारात शिरतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास गॅस मिसळला की एक ठिणगी पुरते. ती ठिणगी आपल्याच घरातली असेल असेही नाही. शेजारच्या खालाजान फ्रीजचे बटण दाबतील, खालच्या मजल्यावर कोणी पाण्याची मोटर सुरू करील. रिफिलिंग करणाऱ्याने ‘मी विडी ओढत नाही’ असे कितीही सांगितले तरी त्याला अर्थ नाही.

दुसरे कारण लोकांच्या लक्षात येत नाही आणि आमच्या मते तेच अधिक घातक आहे. टाकी कधीही काठोकाठ भरायची नसते. घरगुती सिलिंडरमध्ये ३३.३ लिटर पाणी मावते, पण कंपनी त्यात भरते फक्त १४.२ किलो गॅस. उरलेली जागा मुद्दाम रिकामी असते, कारण उन्हाने किंवा शेगडीच्या धगीने द्रव फुगतो, आणि पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतो. गल्लीत भरताना वजनकाटा असला तरी अंदाजाचा असतो, नसला तर टाकी हलवून पाहिली जाते. ग्राहकाला खूश करायला थोडे जास्तच घातले जाते. मग एप्रिलच्या उन्हात ती टाकी पत्र्याच्या खोलीत ठेवली, की आत फुगायला जागाच उरत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. अमेरिकेत शेकोटी-बार्बेक्यूसाठी जे २० पौंडी प्रोपेन सिलिंडर मिळतात, त्यांत आत तरंगणारा खटका असतो. टाकी ८० टक्के भरली की तो भरणी बंद करतो. व्हिडिओ तिकडचे आणि टाकी इकडची, हा फरक कोणी सांगत नाही. बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त छोट्या टाक्यांवर तर आयएसआयचा शिक्काही नसतो.

त्यात गॅस लवकर उतरावा म्हणून मोठी टाकी गरम पाण्यात ठेवणारेही आहेत. काय बोलावे?

कायद्याचे म्हणाल तर सिलिंडर भरण्यासाठी गॅस सिलिंडर नियम २०१६ प्रमाणे परवाना लागतो. तो देणाऱ्या केंद्रीय स्फोटक विभागाचे, म्हणजे ‘पेसो’चे, मुख्यालय आपल्याच नागपूरला आहे. भरणी प्रकल्पात उघड्या बाजूंची शेड, वजनाची नेमकी यंत्रे, गळती तपासणी, पाण्याचे फवारे असे सगळे असते. दहा बाय दहाच्या खोलीत यातले काय बसणार? शेजाऱ्याला आपल्यापासून धोका नसावा, याला दीनमध्ये किती महत्त्व आहे हे वाचकांना आम्ही सांगायला नको. भिंतीपलीकडच्या कुटुंबाने हा धोका पत्करलेला नसतो, त्याला कोणी विचारलेलेही नसते.

तरीही रिफिलिंग का चालते, हे समजून घेतले पाहिजे. परगावाहून आलेला कारागीर, खोली करून राहणारे विद्यार्थी, भाड्याच्या पत्त्याचा कागद नसलेले कुटुंब: यांना कनेक्शन मिळणे अवघड वाटते. त्यांच्यासाठीच पाच किलोचा अधिकृत सिलिंडर आहे. इंडेनचा ‘छोटू’ हा त्यातलाच. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, एक ओळखपत्र पुरते; एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर तो मिळतो, रिकामा देऊन भरलेला घेता येतो. किलोमागे तो घरगुती सिलिंडरपेक्षा महाग पडतो, हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ज्यांच्याकडे पत्त्याचा कागद आहे त्यांनी पाच किलोच्या घरगुती कनेक्शनची चौकशी करावी, ते स्वस्त पडते. आणि रिफिलिंग करणाऱ्या मुलाचे काय, असा प्रश्न राहतोच. शेगडी दुरुस्तीचे हुनर त्याच्या हाती आहे. त्याला तेवढ्याच कामावर टिकवण्यासाठी मोहल्ल्यातल्या चार जाणत्यांनी त्याच्याशी बसून बोलावे. पोलीस येईपर्यंत थांबू नये.

अधिकृत टाकी घरी आली तरी डोळे उघडे हवेत. टाकीच्या वरच्या पट्टीवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि वर्ष रंगवलेले असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘सी २७’ असेल तर सप्टेंबर २०२७ पर्यंतच ती टाकी वापरायची. मुदत संपली असेल तर परत करा. तिथेच रिकाम्या टाकीचे वजनही लिहिलेले असते. डिलिव्हरीवाल्याने काटा आणायचा असतो, तो मागायला संकोच नको. व्हॉल्व्हच्या आत रबरी रिंग आहे ना, हे त्याच्यासमोरच पाहून घ्या. गळती साबणाच्या पाण्याने तपासावी, काडी पेटवून कधीही नाही. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची. टाकी नेहमी उभी आणि शेगडीपेक्षा खाली.

रमजानमध्ये विशेष जपावे. सहरीला झोपेच्या डोळ्यांनी दूध उतू जाते, ज्योत विझते, गॅस मात्र चालूच राहतो. रात्री आग विझवून झोपण्याची ताकीद हदीसमध्ये आहेच. आजच्या घरात त्याचा अर्थ रेग्युलेटरचे बटणही बंद करणे असा घ्यावा. वास आलाच तर दिवा, पंखा काहीच लावू नका, आणि चालू असेल तर बंदही करू नका, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. रेग्युलेटर बंद करून काढा, दोरीला बांधलेले प्लास्टिकचे टोपण व्हॉल्व्हवर बसवा, दारे-खिडक्या उघडा, मुलाबाळांना आणि वृद्धांना बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावरच १९०६ वर फोन लावा. ते टोपण बहुतेक घरांत टाकी आल्याच दिवशी तोडून फेकले जाते किंवा मुलांच्या खेळण्यात जाते. आज स्वयंपाकघरात जाऊन ते जागेवर आहे का, एवढे पाहून घ्या.