वायफाय चालत नाही, दोष कोणाचा?

शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज भरायला पाच दिवस उरले होते आणि आमच्या शाळेच्या ऑफिसातलं वायफाय रोज दुपारी दगा देत होतं. बाहेर बाकावर आया आपल्या मुलींची कागदपत्रं पदराखाली सांभाळत बसलेल्या. कोणी एका दिवसाची मजुरी बुडवून आलेली, कोणी तान्हं बाळ शेजारणीकडे ठेवून आलेली. आत लिपिकबाई अर्ज अर्ध्यावर आणायच्या आणि पडद्यावरचं चक्र नुसतं फिरत राहायचं. लॅपटॉपवर वायफाय जोडलेलं दिसायचं, पण पान काही उघडायचं नाही.

अशा वेळी माणूस कारण शोधत नाही, गुन्हेगार शोधतो. आम्हीही तेच केलं. आमचे शिपाईचाचा दुपारी बऱ्याचदा त्या वायफायच्या पेटीजवळ दिसत. कोणीतरी म्हणालं, "चाचाच बटण बंद करतात." दुसऱ्यानं मान डोलावली. मुख्याध्यापक सरांनी सगळ्यांसमोर त्यांना विचारलं. चाचा एवढंच म्हणाले, "मी बंद करत नाही सर, चालू करतो." त्यांच्या बोलण्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मीही नाही. ही गोष्ट लिहायचं खरं कारण तेच आहे.

आधी वही, मग दुरुस्ती

इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. तो यायचा सकाळी नऊला. तेव्हा सगळं झकास चालायचं. "लाइन ओके आहे," म्हणून तो निघून जायचा. आम्ही त्याला खोटारडा ठरवलं. मग नवीन, महागडी पेटी घ्यायचं ठरू लागलं.

माझा एक जुना विद्यार्थी संगणकांच्या जोडणीचं काम करतो. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "आपा, काही विकत घेऊ नका. आधी दोन दिवस एका वहीत लिहा. किती वाजता बंद पडलं, कोणत्या खोलीत, एकाच्याच यंत्रावर की सगळ्यांच्या, आणि बंद पडलं तेव्हा वायफायच्या दांड्या पूर्ण होत्या की कमी."

मुलांना आपण गणितात सांगतो, आधी 'दिलेले' लिहा. इथेही तोच नियम होता. दोन दिवसांच्या नोंदींतून दिसलं की आमचं दुखणं एक नसून दोन आहेत. मुख्याध्यापकांच्या खोलीत दिवसभर दांड्या कमी असत आणि सगळं हळू चाले. लिपिकबाईंच्या टेबलावर दांड्या पूर्ण असत, पण दुपारी बारानंतर काहीच उघडत नसे. त्याच वेळी काही शिक्षकांचे मोबाइल मात्र व्यवस्थित चालत. मुख्य म्हणजे, पेटी बंद करून चालू केली की लिपिकबाईंचं काम थोडा वेळ सुरळीत होई.

चाचा पेटीजवळ का दिसत, ते इथे उलगडलं. लिपिकबाईच त्यांना हाक मारत, "चाचा, जरा पेटी बंद-चालू करा." बाई आपल्या खोलीत, पेटी व्हरांड्यात. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत ते फक्त बटणावर हात ठेवलेले चाचा.

पहिलं दुखणं: लहरींची वाट

वायफाय म्हणजे रेडिओच्या लहरी. हवेतून त्या सहज जातात, विटांच्या भिंतीतून थोड्या दमतात, सळ्यांच्या काँक्रीटमधून जास्त दमतात आणि लोखंडी पत्र्यावर आपटून परत फिरतात. आमची पेटी दोन लोखंडी कपाटांच्या मागे, जमिनीपासून हातभर उंचीवर होती. कपाटं मुख्याध्यापकांच्या खोलीच्या बाजूला. मग तिथे सिग्नल पोहोचणार कसा?

लहरींची ताकद मोजणारं ॲप मोबाइलवर फुकट मिळतं. आकडा उणे चिन्हात येतो. उणे 50 च्या आसपास म्हणजे उत्तम, उणे 67 पर्यंत काम नीट चालतं, उणे 80 म्हणजे कनेक्शन कधीही तुटेल. सरांच्या टेबलावर आकडा उणे 79 होता. पेटी कपाटामागून काढून व्हरांड्याच्या मध्यावर, डोक्याच्या वर भिंतीला लावली. आकडा उणे 60 वर आला. खर्च दोन स्क्रू आणि थोडी वायर.

त्याच ॲपमध्ये आजूबाजूच्या वायफायचे चॅनलही दिसतात. 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चॅनल अनेक असले, तरी एकमेकांवर न चढणारे नेहमीचे तीनच: 1, 6 आणि 11. शेजारची दुकानं आणि घरं बहुतेक 6 वर होती आणि आमची पेटीही 6 वरच. एका वर्गात चार शिक्षकांनी एकदम शिकवावं, तशी गत. आम्ही 1 वर गेलो. जवळ बसणाऱ्यांसाठी 5 गिगाहर्ट्‌झचा पट्टा चालू केला. तो वेगवान असतो आणि त्यावर गर्दीही कमी असते, पण भिंतीपलीकडे तो लवकर थकतो.

दुसरं दुखणं: नंबर संपले

लिपिकबाईंचं दुखणं वेगळं होतं. विद्यार्थ्यानं फोनवरून लॅपटॉपचा आयपी पत्ता बघायला सांगितला. तो 169.254 ने सुरू होत होता. तो म्हणाला, "आपा, सापडलं. लॅपटॉपला पेटीकडून पत्ताच मिळत नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक तात्पुरता घेतलाय."

गोष्ट सोपी आहे. दवाखान्यात जसा नंबराचा बिल्ला मिळतो, तसा वायफायची पेटी जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देते. आमच्या पेटीत बिल्ले होते फक्त 50, आणि एकदा दिलेला बिल्ला 24 तास त्याच यंत्राच्या नावावर राहत होता, ते यंत्र घरी निघून गेलं तरी.

आता हिशेब बघा. आमची शाळा दोन अधिवेशनांत भरते. सकाळच्या शिक्षकांचे मोबाइल 22, दुपारचे 18, संगणक आणि प्रिंटर मिळून 8. झाले 48. वर्षभर कसंबसं भागत होतं. पण अर्जाच्या दिवसांत पालक येऊ लागले. वायफायचा पासवर्ड आम्हीच मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहून ठेवला होता. ओटीपी बघायला, आधारचा फोटो पाठवायला पालकही जोडले जाऊ लागले. दुपारी बाई लॅपटॉप उघडेपर्यंत बिल्ले संपलेले. सकाळी नऊला मात्र शिल्लक असत, म्हणून कंपनीच्या माणसाला काही दोष दिसत नव्हता. तो खरंच बोलत होता. पेटी बंद-चालू केली की ती जुनी यादी विसरायची आणि बिल्ले नव्याने वाटायची. म्हणून थोडा वेळ बरं वाटायचं.

नवीन महाग पेटी आणली असती आणि तिच्यातही हीच मांडणी ठेवली असती, तर पैसे जाऊन दुखणं तसंच राहिलं असतं. आम्ही पेटीच्या सेटिंगमध्ये नंबर 50 चे 200 केले, मुदत 24 तासांची 2 तास केली आणि ऑफिसचा लॅपटॉप व प्रिंटर यांचे नंबर राखून ठेवले. पाहुण्यांसाठी वेगळ्या नावाचं गेस्ट वायफाय चालू केलं. पालकांची सोय राहिली आणि शाळेची कागदपत्रं असलेले संगणकही त्यांच्या मोबाइलपासून वेगळे राहिले. फळ्यावरचा पासवर्ड पुसला आणि बदलला. लिपिकबाईंच्या लॅपटॉपला सरळ केबल जोडली, कारण जे काम तुटून चालत नाही ते तारेवर करावं.

तुमच्याकडे असं झालं तर

दुकान असो, दवाखाना, शिकवणीचा वर्ग की घर, क्रम हाच ठेवा. आधी बघा, अडचण एकाच यंत्राला आहे की सगळ्यांना. एकालाच असेल तर त्या यंत्रात ते वायफाय 'विसरा' आणि पुन्हा जोडा. दांड्या कमी असतील तर पेटीची जागा आणि चॅनल तपासा. दांड्या पूर्ण असून काही उघडत नसेल तर आयपी पत्ता बघा. 169.254 ने सुरू होत असेल तर नंबर मिळत नाही. पत्ता बरोबर असेल तर 192.168 ने सुरू होणारा पेटीचा पत्ता पिंग करा. तिथून उत्तर येतं, पण बाहेरच्या 8.8.8.8 कडून येत नाही, असं असेल तर बहुधा दोष लाइनचा आहे आणि तेव्हाच कंपनीला फोन करा. आणखी एक: एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या की गुण कशानं आला ते कळत नाही.

शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा अर्ज गेला. शेवटच्या मुलीची आई पावती घडी करून पर्समध्ये ठेवत निघाली, तेव्हा चाचा गेट बंद करायला थांबले होते. मुख्याध्यापक सर स्वतः त्यांच्यापाशी गेले. ज्या लोकांसमोर विचारलं होतं, त्यांच्याचसमोर म्हणाले, "चाचा, माफ करा. आमची बदगुमानी होती." मीही माफी मागितली. चाचा हसले आणि म्हणाले, "मी तर सांगितलं होतं ना, चालू करतो म्हणून."

त्या दोन दिवसांच्या नोंदींची वही अजून ऑफिसात आहे. आता पंखा बिघडला, नळ गळला, तरी आधी तीच वही उघडतो.