बरेच महिने उभा असलेला टेम्पो चालू होत नाही? पार्ट बदलण्याआधी या क्रमाने तपासा



डिलिव्हरीसाठी गाडी स्वतःची घ्यावी की भाड्याची, या व्हिडिओनंतर एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला. "सर, घरचा जुना टेम्पो सहा-आठ महिने उभा आहे. आता धंदा सुरू करायचाय, पण तो चालूच होत नाही. दुरुस्त करू की भंगारात काढू?"

उत्तर द्यायच्या आधी माझं स्वतःचं २१,४०० रुपयांचं शिक्षण सांगतो.

माझं पाइप, नळ आणि पाण्याच्या टाक्यांचं दुकान आहे. एक जुना डिझेल पिकअप आहे. ड्रायव्हर सोडून गेला, काम मंदावलं आणि गाडी गोडाऊनच्या मागे सात महिने उभी राहिली. अख्खा पावसाळा तिने तिथेच काढला. मग एका बांधकामाची चार दिवसांची मोठी ऑर्डर आली. सकाळी चावी फिरवली तर नुसतं 'टक'. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरून करंट घेतला, सेल्फ फिरायला लागला, पण इंजिन काही पकडेना. आम्ही अर्धा तास सेल्फ मारत राहिलो. शेवटी जळका वास आला आणि सेल्फ गेला.

फोनवर एकाने सांगितलं, "पंप गेला असणार." आम्ही ऐकलं. गाडी ओढून नेली, पंप उतरवला, दुरुस्त करून बसवला. गाडी तरीही बंदच! शेवटी आमच्या बाजारपेठेतले एक जुने मिस्त्री आले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी पंपाकडे पाहिलंसुद्धा नाही. टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या रबरी पाइपवरून बोट फिरवलं आणि क्लॅम्पजवळची बारीक चीर दाखवली. नवा पाइप, दोन क्लॅम्प आणि एक फिल्टर असा सातशे रुपयांच्या आत खर्च आला. गाडी चालू!

हिशोब बघा: सेल्फ दुरुस्ती ३,२००, पंप ९,५००, गाडी ओढून नेणं १,५०० आणि चार दिवस भाड्याचा टेम्पो रोज १,८०० प्रमाणे ७,२००. एकूण २१,४००. त्या ऑर्डरमधला नफा जवळजवळ सगळा यातच गेला.

चूक गाडीची नव्हती. आम्ही सगळ्यात महाग पार्टपासून सुरुवात केली, ही चूक होती. म्हणून आज क्रम समजून घ्या.

सेल्फ मारण्याआधी: पाच मिनिटं नुसतं बघा

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला, चावी खिशात.

ऑइलची पट्टी काढा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल तर डिझेल किंवा पाणी उतरलं असू शकतं. दोन्ही वेळा इथेच थांबा आणि मेकॅनिकला बोलवा.

रेडिएटरचं पाणी बघा. एअर फिल्टरचा डबा उघडा. उभ्या गाडीत उंदीर घर करतात, चिंध्या आणि भुसा तिथेच भरतात. वायरी कुरतडल्यात का तेही बघा.

आता बॅटरीची मायनस वायर काढा आणि क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने थोडं फिरवा. जड असलं तरी फिरलं पाहिजे. अजिबात हलत नसेल तर इंजिन जाम आहे. अशा वेळी सेल्फ मारून सेल्फही जाळाल.

पहिला संशय: बॅटरी आणि तिच्या वायरी

गाडी उभी असली तरी बॅटरी हळूहळू उतरतच असते. घड्याळ, टेप अशा गोष्टी थोडा थोडा करंट खात राहतात. बॅटरी बराच काळ उतरलेल्या अवस्थेत राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट जमतं आणि मग ती चार्ज घेत नाही.

साधा मल्टिमीटर दुकानात ठेवाच. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते म्हणजे ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२ किंवा खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून पुन्हा बघा. सेल्फ फिरताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरीत दम नाही, किंवा सेल्फ फार करंट ओढतोय. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा मोजा.

नवी बॅटरी आणायची घाई करू नका. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पावडर गरम पाणी आणि खायच्या सोड्याने साफ करा, घासा, घट्ट करा. बॅटरीपासून चॅसिसला आणि चॅसिसपासून इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टीही बघा. गंजलेली अर्थिंग चांगल्या बॅटरीलाही बदनाम करते.

आवाज ऐकायला शिका. भराभर 'टकटकटक' आला तर बहुतेक बॅटरी कमजोर. एकच जाड 'टक' येऊन शांत झालं तर वायरचा जोड किंवा सेल्फ.

दुसऱ्या गाडीवरून करंट घेताना प्लसला प्लस जोडा. मायनसची शेवटची चिमटी आपल्या बॅटरीवर लावू नका. ती इंजिनच्या कोऱ्या धातूवर, बॅटरीपासून लांब लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडाला ठिणगी उडते.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही

इथेच बहुतेकांचे पैसे जातात. नियम एक: सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही आणि मध्ये किमान एक मिनिट थांबायचं.

एकाला सायलेन्सरकडे उभं करा. सेल्फ फिरताना धूर अजिबात येत नसेल तर इंजिनला डिझेलच पोचत नाही. पांढरा-राखाडी धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण जळत नाही. मग हीटर प्लग, थंडी किंवा कॉम्प्रेशन यांच्याकडे वळायचं. एका धुरावरून अर्धी शक्यता कमी होते.

धूर नसेल तर हा क्रम ठेवा:

१. टाकीत खरंच डिझेल आहे का? काट्यावर विसंबू नका, उभ्या गाडीचा काटा अडकतो.

२. चावी ऑन केल्यावर पंपाजवळ बारीक 'टक' येतो का? बऱ्याच जुन्या पंपांवर डिझेल बंद करणारा विजेचा सोलेनॉइड असतो. आवाज नसेल तर आधी फ्यूज आणि वायर बघा. केबलने बंद होणारी गाडी असेल तर ती केबल ओढलेल्या जागीच अडकलीय का ते बघा.

३. फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेचं पाणी धरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाला वेगळं दिसतं. स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा. गाळ दिसला तर फिल्टर बदला.

४. एअर काढा. फिल्टरच्या डोक्यावर हाताने दाबायचा पंप असतो आणि जवळच एअर सोडायचा स्क्रू. स्क्रू सैल करून पंप दाबत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुड्यांशिवाय सलग डिझेल येईल. तेव्हा स्क्रू घट्ट करा.

आमची चूक इथे होती, म्हणून थोडं खोलात सांगतो. टाकी खाली असते आणि डिझेल वर ओढलं जातं. त्यामुळे या पाइपला चीर पडली तर डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत ओढली जाते. थेंब दिसत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. रोजच्या वापरात गाडी कशीबशी चालते. उभी राहिली की डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं आणि लाइन हवेने भरते. एअर काढल्यावर गाडी चालू झाली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, तर पाइप आणि क्लॅम्प बदला.

दोन गोष्टी मात्र करू नका. हीटर प्लगच्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नका, आतल्या आत स्फोट होऊ शकतो. आणि गाडी कॉमन रेलची असेल तर नोजलचे पाइप सैल करू नका. तिथलं प्रेशर कातडीतून आत घुसतं. ते काम मेकॅनिकचंच.

चालू झाली! आता लगेच माल भरू नका

ऑइल प्रेशरचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद करा. चालू इंजिनवर बॅटरीला साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. गिअर पडत नसेल तर क्लच प्लेट गंजून चिकटली असेल. आवारातच हळू चालवून ब्रेक चारदा तपासा. चालू न होणारी गाडी पैसे खाते, न थांबणारी गाडी माणूस खाते.

टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी चांगली असली तरी बाजूला भेगा असतील तर त्या टायरवर लोड टाकू नका.

दुरुस्त करायची की सोडायची?

बीबीएला 'संक कॉस्ट' ही संकल्पना मी पाठ केली होती. अर्थ पंपाचं बिल भरल्यावर कळला. "एवढे घातलेच आहेत, तर आणखी घालू" असं वाटलं की समजा, पाय खोलात चाललाय. गेलेले पैसे हिशोबात धरू नका. पुढे किती लागतील आणि ते किती दिवसांत सुटतील एवढंच बघा.

कागदावर तीन ओळी लिहा. एक, गाडी चालू आणि सुरक्षित करायचा खर्च: बॅटरी, टायर, ब्रेक, सर्व्हिस. दोन, कागदांचा खर्च: फिटनेस, विमा, पीयूसी, टॅक्स, राहिलेली चलनं. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दरवर्षी करावं लागतं, हे विसरू नका. तीन, भाड्याच्या गाडीपेक्षा रोज किती वाचणार. समजा पहिल्या दोन ओळी मिळून ४५,००० झाले. भाडं १,८०० आणि स्वतःच्या गाडीचं डिझेल, ड्रायव्हर मिळून १,२०० लागतात. रोज ६०० वाचले, म्हणजे ७५ फेऱ्यांनी पैसे सुटतील. महिन्याला चारच फेऱ्या असतील तर भाड्याचीच बरी.

उभी गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेत असाल तर मालकाला सांगा, "मी आल्यावरच चालू करा." गेल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर तुमच्या आधी कुणीतरी धक्का मारून ठेवलाय.

आणि ज्यांची गाडी आज चालू आहे त्यांनी पंधरा दिवसांतून एकदा आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा. महिनाभर उभी ठेवणार असाल तर बॅटरीची मायनस वायर काढा आणि टाकी भरून ठेवा.

दुकानात गिऱ्हाईक कमी झालं की आपण आधी नवा बोर्ड, नवं फर्निचर करायला धावतो. चाचांनी आधी पाइपवर बोट फिरवलं होतं. स्वस्तातली गोष्ट आधी तपासा, एका वेळी एकच बदल करा आणि केलेलं वहीत लिहून ठेवा.

पुढच्या व्हिडिओत डिलिव्हरीचा दर कसा ठरवायचा ते बघू. तोपर्यंत तुमच्या गाडीच्या त्या तीन ओळी लिहून ठेवा!