रोजचं ‘पोट साफ’ चूर्ण : डबीत त्रिफळा आहे की सोनामुखी?

रात्रीचं जेवण झालं की चमचाभर चूर्ण, वर पेलाभर कोमट पाणी आणि सकाळी पोट मोकळं. गावोगावी अनेक घरांत हा रोजचा नेम झाला आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून कॉलेजला जाणाऱ्या पोरांपर्यंत सगळे एकाच डबीतून घेतात. कुणी टोकलं तर उत्तर ठरलेलं असतं, “आयुर्वेदिक आहे, त्याचा काय त्रास व्हायचाय?”

त्रास होईल की नाही, हे डबीत काय आहे त्यावर ठरतं. बरेच जण ‘त्रिफळा घेतो’ असं सांगतात, पण डबी उलटी करून पाहिली तर त्यात सोनामुखी निघते. दोन्ही वनस्पती आयुर्वेदातल्याच आणि दोन्हींनी पोट साफ होतं. पण दोन्हींचं काम करण्याचं तंत्र वेगळं आहे. त्यामुळे किती दिवस घ्यायचं, याचा हिशोबही वेगळा आहे.

त्रिफळा म्हणजे काय?

हिरडा, बेहडा आणि आवळा या तीन फळांची बी काढून उरलेला वाळलेला गर समप्रमाणात दळला की त्रिफळा चूर्ण तयार होतं. काही वैद्य एक भाग हिरडा, दोन भाग बेहडा, चार भाग आवळा असंही प्रमाण सांगतात. चौथं काही त्यात नसतं. मीठ नाही, ओवा नाही, सोनामुखी तर नाहीच.

हिरडा आणि आवळा या दोन्हींत खारट सोडून बाकी पाचही चवी असतात, असं आयुर्वेद सांगतो. म्हणून अस्सल त्रिफळा जिभेवर ठेवला की आधी तुरट, आंबट, कडवट लागतो आणि वरून पाणी प्यायलं की तोंडाला किंचित गोडी येते. त्रिफळा सौम्य आहे. पहिल्याच रात्रीत जोरात जुलाब लागणं हा त्याचा गुण नाही. चार-पाच दिवसांत हळूहळू फरक पडतो. आधुनिक पद्धतीने त्यावर छोटे अभ्यास झाले आहेत, पण मोठे आणि भक्कम अभ्यास कमी आहेत. त्यामुळे ‘शंभर रोगांवर एक इलाज’ अशा जाहिरातीला भुलायचं कारण नाही.

सोनामुखी वेगळी कशी?

सोनामुखी हे एक लहान झुडूप. त्याची पानं आणि शेंगा औषधात वापरतात. बाजारातल्या अनेक ‘पोट साफ’ चूर्णांचा मुख्य घटक हीच असते. मोठ्या आतड्यातले जिवाणू तिच्यातलं द्रव्य फोडतात आणि त्यातून आतड्याला ढकलणारा पदार्थ तयार होतो. साधारण ६ ते १२ तासांत परिणाम दिसतो, म्हणून रात्री घेतलं की सकाळी होतं. अ‍ॅलोपॅथीचे डॉक्टरही सोनामुखीच्या गोळ्या देतात. औषध म्हणून ती वाईट नाही.

अडचण आहे ती रोज घेण्यात. डॉक्टर किंवा वैद्यांनी सांगितल्याशिवाय सोनामुखी आठवड्याच्या वर घेऊ नये. महिनोन् महिने घेतली तर पोटात कळा येतात, पातळ शौचावाटे पाणी आणि क्षार जातात. त्यातही पोटॅशियम कमी झालं तर हातपाय गळतात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बीपीसाठी ‘लघवीची गोळी’ चालू असलेल्यांना आणि हृदयाची औषधं घेणाऱ्यांना हा धोका जास्त. फार दिवस घेणाऱ्यांच्या आतड्याचं अस्तर काळपट पडलेलं दुर्बिणीच्या तपासणीत दिसतं. औषध थांबवलं की ते हळूहळू निवळतं. काही जणांना पहिल्या चमच्याने भागेनासं होतं, मग ते मात्रा वाढवत जातात. एकाचा दीड, दीडाचे दोन. चमचा वाढवायची वेळ आली, की डबी बंद करून दवाखाना गाठायचा.

लेबल असं वाचा

आयुर्वेदिक औषधाच्या पाकिटावर घटकांची यादी, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख आणि बनवणाऱ्याचा पत्ता असावा लागतो. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात काय लिहिलंय यापेक्षा मागची बारीक अक्षरं महत्त्वाची. मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा.

सोनामुखीला सनाय, सेन्ना, स्वर्णपत्री, मार्कंडिका अशीही नावं आहेत. यातलं कोणतंही नाव दिसलं तर ते रोजचं चूर्ण नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवा. निशोत्तर, जमालगोटा (जयपाळ) आणि काळा बोळ हीसुद्धा जोरात रेच देणारी द्रव्यं आहेत. बीपी असेल तर यादीत मीठ किंवा सैंधव किती आहे, तेही पाहा.

आठवडे बाजारात जमिनीवर ढीग मांडून सुटं चूर्ण विकतात. त्यावर ना लेबल असतं, ना तारीख. त्यात काय कुटलंय ते विकणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही. असलं चूर्ण घेऊ नये. बंद पाकिटाबद्दल शंका असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

घरी करायचं असेल तर

जुन्नर, आंबेगाव, खेडच्या पश्चिम पट्ट्यात आणि अकोल्याच्या डोंगरात हिरड्याची झाडं भरपूर. तिथल्या आदिवासी कुटुंबांना उन्हाळ्यात बाळहिरड्यावर चार पैसे मिळतात. पण बाळहिरडा म्हणजे बी धरण्याआधी काढून वाळवलेलं कोवळं फळ. त्रिफळ्याला लागतो तो पूर्ण वाढलेला, पिकलेला सुरवारी हिरडा. दोन्हींत गल्लत करू नका.

काष्ठौषधीच्या दुकानात हिरडादळ, बेहडादळ आणि आवळकाठी मागा. दळ म्हणजे बी काढलेला गर. तिन्ही जिन्नस १०० ग्रॅम घ्या, निवडून, उन्हात कडकडीत वाळवून, खलबत्त्यात फोडून मिक्सरला लावा आणि फडक्यातून गाळा. बेहड्याची बी चुकूनही दळू नका. चूर्ण कोरड्या काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवा, ओला चमचा घालू नका. दोन-तीन महिन्यांत संपेल एवढंच करा. पावसाळ्यात गुठळ्या झाल्या किंवा बुरशीचा वास आला तर सरळ फेकून द्या.

किती आणि कसं घ्यायचं?

मोठ्या माणसाने सुरुवात ३ ग्रॅमने करावी, म्हणजे चहाचा एक लहान सपाट चमचा. रात्री झोपताना कोमट पाण्यातून घ्यावं. शौचाला पातळ होऊ लागली तर मात्रा निम्मी करावी. दोन-तीन आठवडे घेऊन थांबावं आणि चूर्णाविना कसं होतं ते पाहावं. त्याच्याशिवाय चालतच नसेल तर कारण शोधायला हवं. दुसरी औषधं चालू असतील तर दोन तासांचं अंतर ठेवावं. लोहाच्या गोळीबाबत हे जास्त पाळावं, कारण त्रिफळ्यातला तुरट अंश लोह अंगी लागू देत नाही.

गरोदर बायांनी, अंगावर पाजणाऱ्या आयांनी आणि लहान मुलांसाठी वैद्य किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्रिफळाही घेऊ नये. साखरेच्या गोळ्या, इन्सुलिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीही आधी विचारावं. जुलाब चालू असताना तर कोणतंच रेचक नको, तेव्हा ओआरएस.

मुळात पोट का अडतं?

बऱ्याचदा कारण ताटात आणि शिवारात असतं. भाकरी-भाजीच्या जागी चहा-खारी आणि बिस्किटं आली. उन्हात दिवसभर राबताना पाणी कमी पडतं. शेतात काम करणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या बाया आडोसा नाही म्हणून पाणीच पीत नाहीत आणि शौचाची भावना दाबून धरतात. रोज दाबत गेलं की आतड्याची सवय मोडते. अशा वेळी चूर्ण नुसती मलमपट्टी करतं. कामाच्या ठिकाणी पाणी आणि आडोसा मिळणं हा खरा इलाज. त्याचबरोबर पालेभाजी, मोड आलेली कडधान्यं, सालासकट डाळी, पेरू यांचं प्रमाण वाढवायचं. इसबगोल घेतलं तर वर भरपूर पाणी प्यायचं, नाहीतर तेच अडकून बसतं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या, काही वेदनाशामकं, थायरॉइडचा आजार यांनीही पोट अडतं.

इथे चूर्ण थांबवा, दवाखान्यात जा

शौचातून रक्त जाणं, डांबरासारखी काळी शौच, कारण नसताना वजन उतरणं, सारखा थकवा आणि अंग पांढरं पडणं, चाळिशीनंतर शौचाची सवय अचानक बदलून तीन आठवडे तशीच राहणं, ही लक्षणं अंगावर काढू नका. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण तो निवाडा डॉक्टरांना करू द्या. रक्त दिसलं की सगळे ‘मूळव्याधच असेल’ म्हणतात. बहुतेक वेळा तसंच असतं, पण आतड्याच्या कॅन्सरची सुरुवातही अशीच दिसू शकते आणि चूर्णाच्या नादात गेलेले महिने परत मिळत नाहीत. पोट फुगलं, उलट्या होताहेत आणि गॅसही सरत नाही, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अशा वेळी रेचक देणं जिवावर बेतू शकतं.

बाकीच्यांनी आपल्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात विचारावं. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी बऱ्याच ठिकाणी आयुर्वेदाचे पदवीधर असतात. जाताना घरातली चूर्णाची डबी आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. ‘एक आयुर्वेदिक घेतो’ एवढ्यावरून त्यांना काही कळत नाही, लेबल पाहिलं की कळतं.