भट्टीत तुकडा का वाकतो?

काचतंतूंचे थर हाताने रचून, इपॉक्सी राळेने जोडून केलेला तुकडा साच्यातून सरळ निघतो, पण अधिक पक्का करण्यासाठी भट्टीत घातला की कधीकधी वाकडा होऊन येतो. आमचेही असे तुकडे वाया गेले आहेत.

खोलीच्या तापमानाला घट्ट झालेली राळ सुमारे ५० ते ६० अंश सेल्सिअसला पुन्हा मऊ पडते. आधार नसेल तेथे तुकडा स्वतःच्याच वजनाने खचतो. म्हणून तो साच्यातच ठेवून तापवावा, तेही सावकाश, ताशी १०-२० अंशांनी. राळ पक्की होते तसे तिचे मऊ पडण्याचे तापमानही वर सरकते. घाई केली तर भट्टी पुढे जाते, राळ मागे राहते.

थरांची रचना चुकली असेल, तर मात्र साचाही उपयोगी पडत नाही. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला खळीने कागद चिकटवला, तर वाळताना पुठ्ठा वाकतो. हे बांधणीवाल्यांना ठाऊक असते. येथेही तसेच. राळ काचेच्या सुमारे दहापट आकसते, म्हणून प्रत्येक थर तंतूंच्या दिशेने कमी व आडवा जास्त आकसतो. मध्याच्या वर-खाली थर आरशातल्यासारखे जुळते हवेत.

काटकोनी तुकडा तरीही अंशभर मिटतोच. त्यासाठी साचाच ९१ अंशांचा करतात.