‘सी’ ड्राइव्ह भरली? अजिंठ्याचा धडा विसरू नका

निकाहचे फोटो, अब्बांच्या आवाजातील रेकॉर्डिंग, घराचे कागद... सारे ‘सी’ ड्राइव्हमध्ये साठते आणि एक दिवस कॉम्प्युटर अडखळू लागतो. अशा वेळी आपल्या फाइल्स ‘डी’मध्ये न्याव्यात. मात्र फोल्डर माऊसने ओढून दुसऱ्या ड्राइव्हवर सोडले, तर विंडोज त्याची फक्त कॉपी करते. मूळ तिथेच राहते, जागा मोकळी होत नाही. ‘डी’मधील फाइल्स उघडून पाहा, मगच ‘सी’मधील मूळ पुसा आणि रिसायकल बिन रिकामी करा. ‘विंडोज’ आणि ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरना हात लावू नका.

पण एवढ्याने निर्धास्त होऊ नका. ‘सी’ आणि ‘डी’ हे बहुधा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क बिघडली की दोन्ही जातात.

रॉबर्ट गिल यांनी १८४४नंतर वर्षानुवर्षे खपून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत एकाच वेळी जळाल्या. मूळ चित्रे लेण्यांत होती, म्हणूनच पुढे जॉन ग्रिफिथ्स यांना मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह पुन्हा प्रतिकृती करता आल्या.

आपल्या फोटोंच्या मागे असे लेणे नसते. म्हणून एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि शक्य तर ती बहिणीच्या किंवा भावाच्या घरी ठेवा. ही पुढच्या पिढीची अमानत आहे.