डोनट : तळणीशिवाय

डोनट म्हटले की कढईतले कडकडीत तेल आठवते. पण डोनट हलका होतो तो तेलाने नव्हे, यीस्टने. म्हणूनच तो ओव्हनमध्ये भाजूनही करता येतो.

150 मिलिलिटर कोमट दुधात 1 चमचा साखर व 1 चमचा कोरडे यीस्ट घालून 10 मिनिटे ठेवा. फेस आला म्हणजे यीस्ट जिवंत आहे. दूध बोटाला सोसेल इतकेच गरम हवे. फार गरम दुधात यीस्ट मरते. त्यात 250 ग्रॅम मैदा, 2 मोठे चमचे साखर, 30 ग्रॅम लोणी व चिमूटभर मीठ घालून 10 मिनिटे मळा.

मळल्याने मैद्यात ग्लुटेनचे जाळे तयार होते. यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडते. हा वायू जाळ्यात अडकतो आणि पीठ फुगते. दुप्पट व्हायला तासभर लागतो. इंदूर-ग्वाल्हेरच्या थंडीत आणखी वेळ द्यावा. घाई केली तर डोनट दडस होतात.

जाडसर पोळी लाटून वाटीने गोल कापा व बाटलीच्या झाकणाने मध्ये भोक पाडा. भोकामुळे मधला भाग कच्चा राहत नाही. अर्धा तास झाकून ठेवा. मग 180 अंश सेल्सिअसला सुमारे 12 मिनिटे भाजा. ओव्हनच्या कोरड्या हवेने वरची बाजू कडक होते, म्हणून बाहेर काढताच लोणी लावा.

ओव्हन मात्र आई-बाबांनीच हाताळावा. आणि लक्षात ठेवा, तेल वाचले तरी मैदा व साखर आहेच. एका वेळी एक डोनट पुरे!