नव्वद पर्सेंटाइल म्हणजे नव्वद टक्के नव्हेत!

निकालाचे दिवस आले की आमच्या कशेळ्यात पिठाच्या गिरणीवरसुद्धा एकच विचारणा: "तुमच्याकडे सीईटीत किती पडले?" कुणी ऐंशी सांगतं, कुणी नव्वद. पण मैत्रिणींनो, हे टक्के नव्हेत बरं का!

सोपं करून सांगते. इंजिनिअरिंगची एमएचटी-सीईटी लाखो मुलं देतात. ती अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर निराळा; कुणाला सोपा, कुणाला अवघड. मग २०० पैकी पडलेल्या गुणांची सरळ तुलना कशी व्हावी? म्हणून आपल्याच सत्रातली शंभरातली किती मुलं आपल्या बरोबरीला किंवा मागे आहेत, ते काढतात. तेच पर्सेंटाइल. त्यावरून गुणवत्ता क्रमांक लागतो.

मग बारावीकडे दुर्लक्ष केलं तर चालेल? मुळीच नाही! ठराविक तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला ४५ आणि राखीव वर्गाला ४० टक्के हवेतच. नाहीतर उत्तम पर्सेंटाइलही वाया.

आता पसंतीक्रमाचं. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते कायम. पुढच्या फेरीत बदल मागता येत नाही. तेव्हा शेजारणीच्या मुलानं भरलं म्हणून आपण मुंबईचं कॉलेज पहिलं लिहू नये. एसटीनं कर्जत, पुढे लोकल, हे चार वर्षं झेपेल का? वसतिगृहाचा खर्च परवडेल का? फॉर्म भरण्याआधी घरात सगळ्यांनी बसून बोला, आणि ज्याला शिकायचंय त्याचं आधी ऐका.